नापास झालेला कमांडर

चंद्र म्हटलं की आमच्या विंगमध्ये सगळ्यांना आर्मस्ट्राँग आठवतो. मला मात्र नोव्हेंबर १९६९ च्या अपोलो १२ चा कमांडर पीट कॉनराड जवळचा वाटतो. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!) डिस्लेक्सिया असलेला हा पोरगा अकरावीत नापास झाला, शाळेने काढून टाकलं. दुसऱ्या शाळेत परत अकरावी केली आणि १९५३ साली प्रिन्स्टनमधून एरोनॉटिकल इंजिनिअर झाला. मग नौदलात टेस्ट पायलट. १९५९ ला नासाने नाकारलं, १९६२ ला घेतलं. सोबतचा गॉर्डन केमिस्ट्रीवाला. बाकीचे दोघं उतरले तेव्हा बिचारा एकटाच चंद्राभोवती फिरत होता. बीन तर टेस्ट पायलट स्कूलमधला कॉनराडचाच विद्यार्थी, १९८१ मध्ये नासा सोडून चित्रकार झाला.

माझ्या दोन केटी आहेत. घरी अजून सांगितलेलं नाही. रविवारी फोनवर बाबांना आधी कॉनराड सांगणार, मग केटी.