फवारणी पंपाची बॅटरी चार महिने ठेवताय? आधी हे वाचा

🌱 *कृषी सल्ला : मार्च, पहिला आठवडा*



हरभरा निघाला, तुरीचं खळं झालं, पऱ्हाटी उपटून झाली. म्हणजे आता बॅटरीवाल्या फवारणी पंपाला थेट जून-जुलैपर्यंत काम नाही. बहुतेकांचा पंप आत्ता कोठ्यात नाहीतर टिनाच्या शेडात खुंटीला लटकलेला असेल, आणि शेवटच्या फवारणीनंतर त्याची बॅटरी चार्ज केली होती का, हे कोणालाच आठवत नसेल.

म्हणून आजचा सल्ला औषधाचा नाही, बॅटरीचा आहे. मेसेज मोठा आहे, पण सावकाश पूर्ण वाचा.

*आधी आमच्या घरची गोष्ट*

दोन वर्षांपूर्वी आमचाच पंप फेब्रुवारीत शेडात ठेवला होता. सोयाबीन पेरून अठरा दिवस झाले, तण दोन ते चार पानांवर आलं, म्हणून तणनाशक मारायला पंप काढला. रात्री चार्जिंगला लावला तर दहाच मिनिटांत चार्जरचा हिरवा दिवा लागला. वडील म्हणाले, "बघ, बॅटरी भरलेलीच होती." सकाळी दोन पंप मारले आणि तिसऱ्याला मोटर कण्हायला लागली. बाजार दुसऱ्या दिवशी, त्यानंतर तीन दिवस पाऊस. तण हाताबाहेर गेलं आणि शेवटी निंदणीला बाया लावाव्या लागल्या. बॅटरीचे हजार-दीड हजार गेले ते वेगळेच, निंदणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला.

लोकांना सल्ला देणाऱ्या माझ्याच घरी हे झालं. चूक माझी होती. बॅटरी वापरून मेली नव्हती, ती *नुसती ठेवून* मेली होती.

*ठेवलेली बॅटरी मरते कशी?*

पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची सीलबंद शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिच्या आत शिशाच्या प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल असतं. बॅटरी वापरली की प्लेटांवर एक पांढरा थर धरतो, त्याला लेड सल्फेट म्हणतात. थर ताजा असतो तोवर मऊ असतो. चार्ज केला की विरघळतो आणि प्लेट पुन्हा मोकळी होते.

पण बॅटरी अर्धी-रिकामी तशीच ठेवली, तर काकवीत साखरेचे खडे धरतात तसे या थराचे कडक खडे होतात. मग ते चार्जिंगने विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. अशी बॅटरी चार्जरला लावली की तिचा व्होल्टेज झटकन वर चढतो आणि चार्जरला वाटतं की बॅटरी भरली. दहा मिनिटांत लागणारा हिरवा दिवा म्हणजे हेच. *भरायला फार कमी वेळ घेणारी जुनी बॅटरी चांगली नसते, तिची जागाच कमी झालेली असते.*

*आपल्याकडे उन्हाळा हा खरा वैरी*

बॅटरी वापरात नसली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत असते. २५ अंश तापमानात सीलबंद बॅटरी महिन्याला साधारण ३ टक्के उतरते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांना ६ टक्के आणि ४५ अंशांना १२ टक्के.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडात काय तापमान असतं, ते तुम्हाला सांगायला नको. मार्च ते जून असे चार महिने तिथे पूर्ण भरलेली बॅटरी ठेवली तरी ती निम्म्याच्या आसपास येऊ शकते. आणि मुळात अर्धीच भरलेली असेल, तर जूनमध्ये ती गेलेलीच समजा.

त्यात पंपावर व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर किंवा दिवा असतो. बटण चालू राहिलं तर तोही थोडा थोडा करंट खात राहतो.

*कमजोर बॅटरीचा पिकाशी काय संबंध?*

पंप बंद पडला तर निदान आपल्याला कळतं. पण बॅटरी अर्धमेली असेल तर पंप चालतो, दाब मात्र कमी होतो. नोझलचा फवारा आखूड होतो, थेंब मोठे पडतात, पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचत नाही. चालण्याचा वेग तोच राहिला तर एकरी पाणीही कमी पडतं. मग आपण म्हणतो, "औषध बोगस निघालं." प्रत्येक वेळी दोष औषधाचाच असतो असं नाही. तक्रार घेऊन येण्याआधी एकदा बॅटरी तपासा.

*पंप ठेवण्यापूर्वी काय करायचं?*

१️⃣ पंप तीन वेळा साध्या पाण्याने धुवा, नळी आणि नोझलमधूनही पाणी काढा. हे पाणी विहीर, नाला, गोठा यांपासून लांब, शेतातच टाका. हातमोजे घाला.

२️⃣ बॅटरी पूर्ण चार्ज करा. पंपासोबत येणाऱ्या साध्या चार्जरवर रिकाम्या ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण सहा ते आठ तास लागतात. हिरवा दिवा लागला की काढा. आपोआप बंद न होणारा चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवू नका, बॅटरी आतून सुकते आणि फुगते.

३️⃣ बटण बंद करा आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा. कोणती वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुट्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळा.

४️⃣ बॅटरी पुसून घरातल्या थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. ऊन नको, चूल नको, लहान मुलांचा हात नको. *पंप मात्र घरात आणू नका.* टाकी कितीही धुतली तरी पट्ट्यांना आणि नळीला औषध राहतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला पंप टेकवून चार्जिंगला लावलेला मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. ही सवय मोडा.

५️⃣ दर महिन्याला एकदा बॅटरी पुन्हा चार्ज करा. लक्षात राहत नाही म्हणता? अमावास्येला गडी कामावर येत नाहीत, तोच दिवस धरा. आपणही जूनपर्यंत दर महिन्याच्या १ तारखेला ग्रुपवर "*बॅटरी*" एवढाच मेसेज टाकणार आहोत. तो दिसला की चार्जिंगला लावा.

*बॅटरी किती भरली आहे, कसं कळणार?*

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका, आकडा खोटा जास्त येतो. चार-पाच तास थांबून, वायरी सुटलेल्या असताना मोजा.

🔋 १२.७ ते १३ व्होल्ट : भरलेली
🔋 १२.४ च्या आसपास : पाऊण भरलेली, चार्ज करा
🔋 १२.१ च्या आसपास : अर्धी, आजच चार्ज करा
🔋 ११.८ किंवा कमी : रिकामी, एक दिवसही ठेवू नका
🔋 १०.५ किंवा कमी, आणि चार्ज करूनही तेवढीच : सहापैकी एखादा सेल गेला असण्याची शक्यता, बदला

पण व्होल्टेज बरोबर दिसला म्हणजे बॅटरी चांगलीच, असं नाही. खरी परीक्षा काम करताना होते. पंपात साधं पाणी भरून पूर्ण दाबावर चालवा आणि एका चार्जिंगवर किती पंप निघतात ते मोजा. नवी बॅटरी आणाल तेव्हाच हा आकडा मार्करने टाकीवर लिहून ठेवा. पुढे कधी तो निम्म्यावर आला, तर हंगामाच्या आधी बदला, हंगामात नाही. ही चाचणी मे अखेर करा, म्हणजे हाताशी वेळ राहील.

*नवी बॅटरी घेताना*

✅ बनवल्याची तारीख बघा. दुकानाच्या फळीवर सहा-आठ महिने चार्ज न करता पडलेल्या बॅटरीतही तेच कडक खडे धरलेले असतात. मीटर सोबत न्या. १२.६ च्या वर असेल तर घ्या, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

✅ व्होल्ट आणि माप जुन्या बॅटरीइतकंच हवं. ८ ऐवजी १२ अँपिअर-अवरची घेतली तर जास्त वेळ चालेल, पण वजनही वाढेल, आणि ते दिवसभर पाठीवर असतं. खोक्यात बसते का ते आधी बघा.

✅ लिथियम बॅटरी हलकी असते, जास्त वर्षं टिकते, पण महाग पडते. तिला *तिचाच* चार्जर लागतो. शिसेवाल्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नका, आग लागू शकते. आणि ठेवण्याचा नियमही उलटा आहे. लिथियम पूर्ण भरून नाही, तर साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. फुगलेली असेल तर चार्ज करू नका.

✅ पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या. जुनी बॅटरी दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिसं काढायला घरी फोडू नका. ते शिसं आणि आम्ल मुलांच्या अंगात आणि विहिरीच्या पाण्यात जातं.

*ट्रॅक्टर आणि झटका मशीन*

झटका मशीनची बॅटरी पीक निघाल्यावर अशीच पडून राहते. मशीनपासून सोडवा आणि वरचेच नियम पाळा.

ट्रॅक्टरचं वेळापत्रक उलटं असतं. उन्हाळ्यात नांगरटीला चालतो आणि पावसाळ्यात पिकं उभी असताना महिना-दीड महिना उभा राहतो. "रोज पाच मिनिटं चालू करतो ना," असं बरेच जण सांगतात. स्टार्टरने जेवढा करंट खाल्ला, तेवढा पाच मिनिटं उभ्या-उभ्या चालवून भरून निघत नाही. उलट बॅटरी रोज थोडी उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास प्रत्यक्ष चालवा, नाहीतर वायर सोडून महिन्याला चार्जरने चार्ज करा. वायर सोडताना आधी वजा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, मग वजा. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बुचांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटा बुडून वर साधारण एक बोट पाणी हवं. *फक्त डिस्टिल्ड वॉटर.* बोअरचं नाही आणि आरओचंही नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात. "बॅटरी कमजोर झाली, थोडं ॲसिड घाल," हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका. उन्हाने उडतं ते पाणी, आम्ल आतच असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर बुचं घट्ट लावून कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, सुकवा आणि वर व्हॅसलीन लावा.

*आणि हो,* फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हे जुन्या काळच्या रबरी खोक्यांबद्दल होतं. आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीने काही होत नाही. फळीवर ठेवली तर स्वच्छ राहील, एवढंच.

⚠️ *सांभाळून* : चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी, काडी, चूल नको आणि खोलीचं दार-खिडकी उघडी हवी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धूत राहा, आणि डोळ्यात गेलं असेल तर धुऊन थेट दवाखान्यात जा.

*या आठवड्यात एवढंच करा* 👇
▪️ पंप उतरवा, धुवा
▪️ बॅटरी पूर्ण चार्ज करा
▪️ वायरी सोडवा, बॅटरी घरात थंड जागी ठेवा

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी बॅटरी घेऊन कंपनीच्या संकलन केंद्रावर या. सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते एक, मी स्वतः मोजून देईन, पैसे नाहीत. येताना बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून, पहाटे चार्जर काढून आणा, म्हणजे आकडा खरा येईल.

काही अडलं तर ग्रुपवर फोटो टाका. चार्जरचा दिवा किती वेळात हिरवा होतो, तेही लिहा. दहा मिनिटांत होत असेल, तर आपण जुलैची वाट बघायची नाही.

आपला,
कृषी सल्लागार