रंगवलेली फरशी म्हणजे ज्ञानरचनावाद नव्हे

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) रंगवलेल्या फरशीवर ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवणाऱ्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगावी वर्गांच्या फरशा रंगल्या. त्यातून रंगवलेली फरशी म्हणजेच ज्ञानरचनावाद, असा समज रूढ झाला.

ज्ञानरचनावाद म्हणजे मूल आधीच्या अनुभवाला नवे जोडून स्वतः ज्ञान घडवते, हा विचार. फरशीवरच्या संख्यारेषेवर मुलगी सातवरून तीन घरे पुढे उड्या मारते, दहावर पोचते आणि बेरीज म्हणजे काय ते तिला उमगते. चुकली तर शिक्षक उत्तर सांगत नाहीत, पुन्हा उड्या मारून पाहायला सांगतात. त्याच फरशीवर मुलांना रांगेत बसवून पाढे घोकून घेतले, तर बदल फक्त रंगाऱ्याने केला. पेटी विकत आणली म्हणून गाणे येत नाही, तसेच हे.

रंगाचा यात दोष नाही. साधन लवकर पोचते, शिकवण्याची सवय सावकाश बदलते. म्हणून मुख्याध्यापकांनी शिक्षकांना एकमेकांचे तास पाहायला सवड द्यावी आणि निकालाची घाई करू नये. पालकांनीही शाळेत गेल्यावर फरशी जरूर पाहावी, पण वर्गात जास्त कोण बोलते, तेही ऐकावे.