झिजलेल्या इंजिनाचे निदान

स्कूटरच्या धुराकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी पुण्याने घडवलेली आहे. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून 'बजाज चेतक' बाहेर पडू लागली आणि पुढे कित्येक वर्षे ती मध्यमवर्गीय संसाराचा एक भागच होऊन बसली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळावे लागे. ते तेल पेट्रोलबरोबर जळे आणि निळसर धुराच्या रूपाने मागे रेंगाळे. धूर हा त्या यंत्राचा स्वभाव होता, रोग नव्हे. १९८४ साली आलेली 'कायनेटिक होंडा' गिअरविना चालणारी होती, परंतु तिचेही इंजिन टू-स्ट्रोकच होते.

पुढे चित्र पालटले. होंडा कंपनीने १९९९ साली भारतात दुचाकींसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि तेव्हाच्या गुडगाव, म्हणजे आजच्या गुरुग्राम जिल्ह्यात मानेसर येथे कारखाना उभारला. तेथून २००१ साली १०२ घनसेंटिमीटरची 'ॲक्टिव्हा' बाजारात आली. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते. अशा इंजिनात वंगणाचे तेल तळाशी, वेगळ्या कप्प्यात असते. ते फिरत राहते, पण जळत नाही. म्हणून चेतकच्या धुराला जो सरावला, त्याने एक गोष्ट नव्याने शिकणे भाग आहे : फोर-स्ट्रोक स्कूटरच्या मागे निळा धूर दिसला, तर ते यंत्र आपले दुखणे सांगत आहे.

हे दुखणे ओळखण्याची गरज गुरुग्रामात विशेष भासते. अरवलीच्या पायथ्याचे हे शहर वर्षानुवर्षे बांधकामाच्या धुळीत उभे आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. चौकाचौकांत वाहने खोळंबतात, आणि वाऱ्याऐवजी पंख्याने थंड होणारी स्कूटरची इंजिने जागच्या जागी तापत राहतात. घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणारे तरुण अशाच स्कूटरवर दिवसाचे दहा-बारा तास काढतात. त्यांतील पुष्कळांची स्कूटर जुन्या बाजारातून घेतलेली असते. किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यावर तेथे विसंबता येत नाही, आणि पूर्वीच्या मालकाने तेल वेळेवर बदलले की नाही, याची नोंद कोठेही नसते. इंजिनाचे निदान चुकले तर अशा माणसाची केवळ स्कूटर बंद पडत नाही. त्या दिवसांची मिळकतही बुडते.

झीज होते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. पहिल्या ॲक्टिव्हाच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर होता, आणि दट्ट्या, म्हणजे पिस्टन, त्यात ५२ मिलिमीटर वर-खाली जात असे. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर तासाभरात हा दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर सुमारे २५ किलोमीटरचे अंतर घासून काढतो. हा प्रवास निभतो तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर. दट्ट्याभोवतीच्या रिंगा वरचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि खालचे तेल वर चढू देत नाहीत. हवेच्या गाळणीतून धूळ आत शिरली, किंवा तेल आटले वा जुने झाले, की हा थर तुटतो. धुळीतील वाळूचे कण कानशीसारखे काम करतात. सिलिंडरची झीज माणसाच्या केसाच्या जाडीइतकी झाली, तरी ओढ कमी होण्यास आणि तेल जळण्यास ती पुरेशी ठरते.

परंतु ओढ कमी झाली म्हणजे इंजिन झिजलेच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती रबरी पट्ट्यावरून मागच्या चाकाकडे जाते. पट्टा अरुंद झाला, त्यातील रोलर एका बाजूने चपटे झाले किंवा क्लच घसरू लागला, तर इंजिन धडधाकट असूनही गाडी चढावर दम टाकते. तुंबलेली हवेची गाळणी, जुना प्लग, कार्ब्युरेटरमधील कचरा आणि चिकटलेला ब्रेक हीदेखील तशीच लक्षणे दाखवतात. जाणता मिस्त्री आरंभ येथूनच करतो. स्वस्त आणि सोपे कारण आधी तपासायचे, महागडे आणि अवघड कारण शेवटी, हा निदानाचा पहिला नियम होय.

त्यानंतर धुराची पाळी. काळा धूर जादा पेट्रोल जळत असल्याचे सांगतो. ते गाळणीचे किंवा कार्ब्युरेटरचे काम असते. थंडीच्या सकाळी दिसणारा आणि लगेच विरणारा पांढरा धूर ही केवळ वाफ असते. निळा धूर मात्र तेलाचा, आणि तो केव्हा दिसतो याला महत्त्व आहे. रात्रभर उभी असलेली स्कूटर सुरू करताच निळा लोट निघाला आणि मग थांबला, किंवा उतारावर मूठ सोडून पुन्हा पिळताच तो दिसला, तर संशय झडपांच्या दांड्यांवरील रबरी सीलवर आणि त्या दांड्यांच्या गाइडवर जातो. भार घेताना धूर सातत्याने निघत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर यांच्याकडे बोट दाखवावे लागते. पहिली दुरुस्ती वरच्या वर होते. दुसरीत बरेच खोल उतरावे लागते.

संशय आणि पुरावा यांत अंतर आहे, आणि ते अंतर दाबमापक भरून काढतो. इंजिन गरम असताना प्लग काढून त्या जागी दाबमापक लावतात, मूठ पूर्ण पिळून धरतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. दाब त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा बराच कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजतात. तेलाने रिंगांच्या फटी क्षणभर बुजतात. दाब स्पष्टपणे चढला, तर गळती रिंगांतून होती असे ठरते. चढला नाही, तर झडपा किंवा हेडखालचे गॅस्केट यांचा दोष असण्याचा संभव अधिक. मात्र या चाचणीपूर्वी झडपांची मोकळीक मोजलेली असली पाहिजे. ही मोकळीक मिलिमीटरच्या साधारण एक दशांश इतकी असते. ती नाहीशी झाली, तर झडप पुरती मिटत नाही आणि निरोगी इंजिनही रोगी भासते. एक पाना आणि एक फीलर गेज यांनी होणाऱ्या कामासाठी पुष्कळदा सगळे इंजिन विनाकारण उघडले जाते.

याहून अचूक अशी आणखी एक परीक्षा आहे. दोन्ही झडपा मिटलेल्या असताना दट्ट्या वरच्या टोकाशी आणून अडवून धरतात आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडतात. मग कान देऊन ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली, तर आत घेणारी झडप गळते. सायलेन्सरमधून आली, तर बाहेर टाकणारी. आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर रिंगा.

एवढे झाल्यावर हेड उघडण्यास हरकत नाही. पण उघडणे म्हणजे बदलणे नव्हे. उघडल्यावर पुन्हा मोजायचे असते. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, अशा तीन उंचींवर आणि दर ठिकाणी दोन दिशांनी घेतात, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजतात. ५० मिलिमीटरच्या सिलिंडरात ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत गेली, तर केवळ रिंगा बदलून भागणार नाही, हे उघड होते. अंडाकृती झालेल्या सिलिंडरात नव्या गोल रिंगा घातल्या, तर चार दिवस बरे वाटते आणि धूर पुन्हा परततो. जुन्या बाजारातील कितीतरी स्कूटर विक्रीच्या तोंडावर अशाच रीतीने 'बऱ्या' केलेल्या असतात.

सिलिंडर पोलादी किंवा बिडाच्या अस्तराचा असेल, तर लेथच्या कारखान्यात तो थोडा मोठा कातून घेता येतो आणि त्यात पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा दट्ट्या बसवता येतो. ज्या सिलिंडरावर आतून कठीण धातूचा मुलामा असतो, तो कातता येत नाही. तो बदलावाच लागतो. कातल्यानंतर होनिंगच्या दगडांनी भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पाडतात. या रेघा म्हणजे कामातील हयगय नव्हे. त्यांच्यात तेल टिकते आणि रिंगा भिंतीशी जुळतात. याच वेळी क्रँकवरील कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहणे अगत्याचे असते. तेथे खडखड जाणवली, तर वरचा सगळा खर्च व्यर्थ आहे, कारण तळाचे बेअरिंग लवकरच दगा देणार.

जोडणीत कौशल्यापेक्षा शिस्त अधिक लागते. सिलिंडर काढल्याबरोबर खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबतात. दट्ट्याच्या पिनेची चिमुकली कडी आत पडली, तर खालचे यंत्रही उघडावे लागते. ही कडी दर वेळी नवी घालतात. दट्ट्यावरील खूण आणि रिंगांवरील अक्षरे कोणत्या दिशेला हवीत, हे पाहून घेतात, आणि रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता भोवती विखरतात. झडपा बारीक खडीच्या लेपाने आपापल्या बैठकीवर घासून बसवतात आणि तो लेप कणभरही मागे राहू देत नाहीत. फ्लायव्हीलवरील 'टी' ही खूण आणि कॅमवरील खूण जुळवून टायमिंग चेन चढवल्यावर इंजिन प्रथम हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात. कोठे अडकले, तर जोर न लावता पुन्हा तपासतात.

सुट्या भागांचा प्रश्न जगभर सारखाच आहे, आणि चिनी स्कूटरच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो. होंडाच्या रचनेतून निघालेले 'जीवाय६' नावाचे इंजिन तैवानात रुळले आणि मग चीनमधील अनेक कारखान्यांनी ते उचलले. या इंजिनांच्या नावातच त्यांचे माप दडलेले असते : '१३९ क्यूएमबी' या नावातील एक म्हणजे एक सिलिंडर, आणि ३९ म्हणजे त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. तथापि नाव एक असले, तरी भाग एकच असतील असे नाही. याच इंजिनाची हेडे दोन प्रकारची मिळतात. एकात ६४ मिलिमीटर लांबीच्या झडपा बसतात, दुसऱ्यात ६९. नावावर विसंबून भाग आणणाऱ्याची फेरी फुकट जाते. जुना भाग मोजून नेणाऱ्याची जात नाही.

इंजिन उघडण्यापूर्वी आणखी एक कागद पाहणे शहाणपणाचे ठरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर बंदीचे आदेश दिले. गुरुग्राम त्या क्षेत्रात मोडते. २०२५ साली न्यायालयाने अंमलबजावणीसंबंधी नवे निर्देश दिले. म्हणून नोंदणीचे वर्ष आणि त्या वेळचा प्रचलित आदेश पाहिल्यावाचून जुन्या स्कूटरवर मोठा खर्च करणे हिताचे नाही. यंत्र दुरुस्त होईल, पण रस्त्यावर येऊ शकणार नाही, ही अवस्था सर्वांत महागात पडणारी.

नवे झालेले इंजिन पहिले पाचशे किलोमीटर जपावे लागते. मूठ पूर्ण पिळायची नाही, एकाच वेगाने फार वेळ चालवायचे नाही, आणि मग पहिले तेल काढून टाकायचे, कारण झिजून जुळणाऱ्या धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो. आणि ज्या धुळीने सिलिंडर खाल्ला, तिची वाट बंद झाली की नाही, हेही पाहिले पाहिजे. गाळणीचे झाकण नीट बसत नसेल, रबरी नळीला चीर असेल, तर नवा दट्ट्याही जुन्याच्याच वाटेने जाईल. अशा स्कूटरमध्ये तेल पाऊण लिटरच्या आसपासच मावते. त्यातील थोडे कमी झाले, तरी उरलेल्यावर भार पडतो. आठवड्यातून एकदा तेलाची कांडी पुसून पाहणे आणि धुळीच्या दिवसांत गाळणी वेळेवर बदलणे, एवढ्याने जे इंजिन टिकते, ते लेथवर नेण्याची पाळी पुष्कळ उशिरा येते.