प्राध्यापकांचा व्यावसायिक पोशाख – निवड, प्रसंगानुरूपता आणि निगा : घुग्घुस परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश

अध्यापकाचा पोशाख हा त्याच्या व्यवसायाचा विद्यार्थ्यांना सर्वप्रथम दिसणारा भाग होय. तथापि या विषयावरील उपलब्ध मार्गदर्शन बहुधा महानगरांतील वातानुकूलित कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. घुग्घुससारख्या उष्ण, धुळीच्या आणि औद्योगिक गावात ते फारसे उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखात हवामान, प्रवास, प्रसंग आणि उत्पन्न या चार घटकांच्या आधारे व्यावसायिक पोशाखाची निवड, मांडणी आणि निगा यांचा विचार केला आहे. पोशाखाचे मोल त्याच्या किमतीपेक्षा योजनेवर व स्वच्छतेवर अवलंबून असते आणि पोशाखाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने त्याचा भार कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : व्यावसायिक पोशाख, प्रसंगानुरूपता, सुती वस्त्र, कोसा, निगा, तासिका तत्त्व

१. प्रस्तावना

चंद्रपूरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, वर्धा नदीच्या काठी वसलेले घुग्घुस हे कोळसा खाणी, सिमेंट आणि लोहउद्योगाचे गाव आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा कोळसापट्टा लागतो. या भागात अध्यापन करणारे अनेकजण चंद्रपूर वा वणीहून बसने किंवा दुचाकीने रोज ये-जा करतात. सकाळी घरून निघताना परीटघडीचा असलेला शर्ट महाविद्यालयात पोहोचेपर्यंत कॉलरपाशी काळवंडतो, हा येथील सार्वत्रिक अनुभव होय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, तेव्हा ७० पेक्षा अधिक गुण हा गंभीर प्रदूषणाचा निकष होता आणि चंद्रपूर क्षेत्राला ८३.८८ गुण मिळाले होते. अशा परिसरात ‘नीटनेटके राहावे’ हा उपदेश करणे सोपे आहे. तो अमलात कसा आणावा हे सांगणे अवघड आहे.

२. पोशाख : परंपरा आणि नियम

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पोशाख ही केवळ सजावटीची बाब कधीच नव्हती. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले. ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांचाच वेश, ही त्यामागील भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोट व टाय हा नाकारलेल्या प्रतिष्ठेवरील हक्क होता. वरवर पाहता हे दोन्ही पोशाख परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींची निवड विचारपूर्वक झालेली होती, हे त्यांतील साम्य होय.

अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आठवण सावित्रीबाई फुले यांची आहे. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. म्हणून त्या एक जादा साडी जवळ बाळगीत आणि शाळेत पोहोचल्यावर ती नेसून वर्गात जात, असे सांगितले जाते. रस्त्याने काय केले हे वर्गात दिसू द्यावयाचे नाही, हा त्यामागील निर्धार होय. अध्यापकाच्या पोशाखाची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे.

अलीकडच्या काळात या विषयाला नियमांचे रूप आले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या परिपत्रकात जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरविले आणि आठवड्यातून एकदा खादी वापरण्याची सूचना केली; मार्च २०२१ मध्ये त्यातील जीन्सवरील बंदी मागे घेण्यात आली. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत महिलांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता व दुपट्टा आणि पुरुषांसाठी शर्ट-पँट असा पोशाख सुचविला आहे. या सूचना शाळांपुरत्या असल्या तरी त्यांची चर्चा महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांपर्यंत पोहोचली. काय घालू नये हे नियम सांगतात. काय घालावे, किती घ्यावे आणि ते कसे टिकवावे याचा विचार मात्र ज्याचा त्याने करावयाचा असतो.

३. परिसर आणि वस्त्राची निवड

चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. म्हणून येथे कापडाची निवड रंग व फॅशन यांच्याही आधी येते. कापसाचा धागा प्रमाणित परिस्थितीत आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के आर्द्रता धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरचा धागा केवळ ०.४ टक्के. घाम शोषला जाणे आणि तो अंगाला चिकटून राहणे यांतील फरक या आकड्यांत आहे. यास्तव मार्च ते जूनपर्यंत सुती किंवा खादीचे सैलसर वस्त्र हेच योग्य होय. पावसाळ्यात मात्र निव्वळ सुती कपडे वाळत नाहीत आणि चुरगळतात. त्या चार महिन्यांत टेरिकॉटसारखे मिश्र कापड अधिक सोयीचे ठरते.

रंगाच्या बाबतीतही परिसराचे ऐकावे लागते. शुभ्र पांढऱ्यावर कोळशाची धूळ लगेच दिसते, तर गडद काळा रंग ऊन शोषतो आणि त्यावर सिमेंटची पांढुरकी धूळ उठून दिसते. फिकट राखाडी, आकाशी, बदामी, मातकट असे मधले रंग दोन्ही दोष टाळतात.

जिल्ह्यालगतच या गरजेला उत्तर देणारी वस्त्रपरंपरा आहे. ऐन व अर्जुन या वृक्षांवर पोसलेल्या किड्यांपासून मिळणारा कोसा हा गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांचा ठेवा होय. विदर्भातील करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरलेले खादीचे गाव. कोशाचा मूळचा बदामी रंग भडक नसतो, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि समारंभात त्याला वेगळ्या दागिन्याची गरज भासत नाही.

४. प्रसंगानुरूप पोशाख

(अ) दैनंदिन अध्यापन : फळ्यावर लिहिताना हात वर करावा लागतो, चार-चार तास उभे राहावे लागते. म्हणून खांद्यात न आवळणारा शर्ट वा कुर्ता, पिन लावून स्थिर केलेला पदर आणि मऊ तळाची बंद पादत्राणे ही खरी गरज आहे. प्रवासात पुरुषांनी दुपट्टा आणि महिलांनी सनकोट व स्कार्फ वापरण्याची येथील रीत ही व्यावसायिक पोशाखाचे संरक्षणच होय.

(आ) प्रयोगशाळा : बर्नरजवळ कृत्रिम धाग्याचे कापड वितळून त्वचेला चिकटण्याचा धोका असतो. सुती वस्त्र, त्यावर सुती ॲप्रन आणि मोकळी न सोडलेली ओढणी हा येथील शिष्टाचार नसून सुरक्षेचा नियम आहे.

(इ) मुलाखत आणि चर्चासत्र : पदोन्नतीच्या मुलाखतीसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठात जाणाऱ्या अध्यापकास मूल-सावलीमार्गे सुमारे शंभर किलोमीटर प्रवास करावा लागतो. मुलाखतीचा पोशाख अंगावर न घालता घडी करून न्यावा आणि तेथे पोहोचल्यावर बदलावा. नवा कोरा पोशाख त्या दिवशी प्रथमच घालू नये. एकदा वापरून, बसून-उठून पाहिलेलाच घ्यावा.

(ई) नॅक समितीची भेट : साडी किंवा फिकट शर्ट व गडद पँट पुरेशी असते. कोट हिवाळ्यातच शोभतो. एरवी बिनबाह्यांची बंडी सभ्यता व सुसह्यता दोन्ही साधते.

(उ) ध्वजारोहण : २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्टसाठी पांढऱ्या खादीचा एक संच वेगळा ठेवावा आणि तो दैनंदिन वापरात आणू नये.

(ऊ) राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर : सात दिवसांच्या निवासी शिबिरात श्रमदान करावयाचे असते. तेथे इस्त्रीचा शर्ट हाच विसंगत ठरतो. जुने, मजबूत, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बूट हाच तेथील व्यावसायिक पोशाख होय.

(ए) विद्यार्थ्यांच्या घरी भेट : खाणकामगार किंवा शेतमजुराच्या घरी सांत्वनासाठी जाताना साधेपणा हीच प्रसंगानुरूपता असते.

५. संच आणि खर्च

सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला किमान १८० अध्यापन-दिवस धरले आणि सहा दैनंदिन संच ठेवले, तर प्रत्येक संच वर्षातून तीस वेळा वापरला जातो. सहा शर्ट व तीन पँट परस्परांशी जुळतील अशा निवडल्यास अठरा जोड्या तयार होतात. याखेरीज दोन औपचारिक संच, एक ध्वजारोहणाचा आणि एक शिबिराचा, एवढ्यावर वर्ष निभावते.

खरेदी करताना किमतीऐवजी प्रत्येक वापराचा खर्च काढावा. उदाहरणार्थ, ९०० रुपयांचा शर्ट दोन वर्षांत साठ वेळा वापरला तर प्रत्येक वापरास १५ रुपये पडतात. ६,००० रुपयांचा सूट पाच वेळा वापरला तर १,२०० रुपये. व्यवसायात दररोज दिसणाऱ्या वस्त्रावर अधिक आणि क्वचित दिसणाऱ्यावर कमी खर्च करावा, हा हिशेब लग्नसराईच्या खरेदीच्या नेमका उलट आहे.

६. निगा

धुळीच्या प्रदेशात कपडा धुण्याआधी कोरडाच झटकणे आवश्यक असते. कोळशाची पूड ओली होऊन घासली गेली की धाग्यात मुरते. कॉलर व बाही साबणाच्या पाण्यात आधी भिजवावी. कूपनलिकेच्या कठीण पाण्यात साबणाचा साका बसून पांढरे कपडे मळकट होतात. अशा वेळी शेवटचे खळबळणे शक्य तर मऊ पाण्यात करावे. कोसा हा प्रथिनयुक्त धागा असल्याने त्याला धुण्याचा सोडा लावू नये. रिठ्याचे पाणी वा सौम्य साबण वापरून तो सावलीत वाळवावा. जरीच्या साडीची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, अन्यथा ती घडीवर फाटते. खळ दिलेले कपडे पावसाळ्यात ठेवून देऊ नयेत. खळीवर बुरशी व कसर दोन्ही येतात. आठवड्याची इस्त्री रविवारी एकदाच केली तर सकाळची धावपळ वाचते. अध्यापक-कक्षातील कपाटात एक जादा शर्ट किंवा कुर्ता, सुई-दोरा, पिना आणि ओला रुमाल असावा.

७. संस्था आणि अध्यापक

समितीच्या भेटीपूर्वी सर्व महिलांनी एकाच रंगाची साडी आणि सर्व पुरुषांनी एकसारखा ब्लेझर घ्यावा, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. नियमित वेतन घेणाऱ्यास तो खर्च किरकोळ वाटतो. परंतु तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या, सुटीच्या महिन्यांत उत्पन्न नसलेल्या आणि मानधनासाठी वाट पाहणाऱ्या अध्यापकास तो बोचतो. छायाचित्रात रांग एकसारखी दिसते. तिच्यातील एकाने त्यासाठी उसनवार केलेली असते, हे छायाचित्रात दिसत नाही. संस्थेस एकरूपता हवी असल्यास तिचा खर्चही संस्थेने करावा.

दुसरा प्रश्न साडीच्या सक्तीचा आहे. कोळशाच्या ट्रकांनी गजबजलेल्या रस्त्यावर दुचाकी चालविताना पदर चाकात अडकण्याचे भय असते. केरळच्या उच्च शिक्षण विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये महिला अध्यापकांवर साडीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. ज्यांना साडी आवडते त्यांनी ती अवश्य नेसावी. परंतु सलवार-कुर्ता हा दुय्यम दर्जाचा पोशाख मानण्याचे कारण नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यावसायिक पोशाखाची कसोटी पुढील तीन प्रश्नांत आहे : तो कामास योग्य आहे काय, परिसरास साजेसा आहे काय आणि तो घेणाऱ्याच्या ऐपतीत आहे काय. घुग्घुस परिसरातील अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर होऊ पाहतात. नोकरीच्या मुलाखतीला कसे जावे हे त्यांना घरी सांगणारे कोणी नसते. ते आपल्या सरांकडे आणि मॅडमकडे पाहून शिकतात. अध्यापकाचा पोशाख महाग असेल तर तो त्यांना परका वाटतो आणि गबाळा असेल तर त्यांची उपेक्षा करतो. साधा, स्वच्छ, नीट इस्त्री केलेला सुती शर्ट मात्र त्यांना सांगतो की, हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. कपाटातील एका जादा संचाचे महत्त्व एवढे मोठे आहे.