जादूवर्ग, भूमिकाखेळांतील अपारंपरिक

मेजाभोवती बसून खेळावयाच्या काल्पनिक भूमिकाखेळांत प्रचलित मंत्रपद्धती सोडून निराळ्या नियमांनी जादू करणाऱ्या पात्रांच्या वर्गांस अपारंपरिक जादूवर्ग म्हणतात. या वर्गांपैकी कोणता किती सामर्थ्यवान, हा प्रश्न खेळाडू व खेळांचे रचनाकार यांच्यात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. वरवर तो करमणुकीपुरता वाटतो. परंतु एका गटातील चारपाच जणांना कथेत सारखाच वाव मिळेल की नाही, हे पुष्कळसे त्याच्या उत्तरावर ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीतील वर्गांचा विचार केला आहे. कारण जादूचे सर्वांत विविध प्रयोग याच आवृत्तीच्या पुरवणी-ग्रंथांत झाले.

खेळाचे स्वरूप : हा खेळ गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) या अमेरिकन रचनाकारांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. खेळसंचालक प्रसंग, शत्रू व परिणाम यांचे वर्णन करतो. अनिश्चित कृतींचा निकाल फाशांनी लागतो. पात्राचा वर्ग म्हणजे त्याचा व्यवसाय व कौशल्यांचा संच होय. अनुभव वाढतो तसा पात्राचा स्तर वाढतो. तिसऱ्या आवृत्तीच्या मूळ ग्रंथांत हे स्तर १ ते २० असे आहेत. याच आवृत्तीत बहुतेक निकालांसाठी वीस पृष्ठांचा एकच फासा वापरण्याचे ठरले. फाशाच्या दानात पात्राच्या कौशल्याचे अंक मिळवावयाचे व बेरीज ठरविलेल्या काठिण्यांकाइतकी किंवा त्याहून अधिक झाल्यास कृती सफल मानावयाची, असा हा नियम आहे. तिसरी आवृत्ती २००० मध्ये व तिची सुधारित आवृत्ती २००३ मध्ये निघाली.

पारंपरिक पद्धती : खेळातील मूळ मंत्रपद्धतीवर जॅक व्हॅन्स (१९१६–२०१३) या अमेरिकन लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातील कल्पनेची छाप आहे. तेथील जादूगार मंत्र मनात साठवितो आणि तो उच्चारताच विसरतो. याच धर्तीवर खेळातील विझर्ड रोज सकाळी आपल्या पोथीतून ठरावीक संख्येचे मंत्र तयार करतो व वापरलेला मंत्र त्या दिवसापुरता संपतो. मंत्रांच्या पहिली ते नववी अशा श्रेणी असतात. पाचव्या स्तरावरील विझर्डला पहिल्या श्रेणीचे ३, दुसऱ्या श्रेणीचे २ व तिसऱ्या श्रेणीचा १ मंत्र मिळतो. बुद्धी तीव्र असल्यास यात थोडी भर पडते. दैनंदिन संख्या मर्यादित असली, तरी पोथीत किती मंत्र लिहावेत यास मर्यादा नाही. त्यामुळे अग्निगोल, अदृश्यता, उड्डाण, दूरदर्शन असे अगदी भिन्न प्रश्न सोडविणारे मंत्र एकाच पात्राच्या हाती येतात. अपारंपरिक वर्गांची तुलना स्वाभाविकपणे या पद्धतीशीच केली जाते.

तुलनेची परिमाणे : एका आघाताने शत्रूची किती हानी होते, हे सर्वांत सोपे पण अपुरे परिमाण आहे. त्याच्या जोडीस आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली टिकाऊपणा, म्हणजे ती शक्ती दिवसातून किती वेळा वापरता येते. दुसरी विश्वसनीयता, म्हणजे ती सफल होण्याची शक्यता किती. आणि तिसरी व्याप्ती, म्हणजे लढाईखेरीज अन्य किती प्रकारच्या अडचणी तिने दूर होतात. उंच स्तरावर व्याप्तीचे वजन इतर सर्वांपेक्षा अधिक ठरते. कारण ज्या पात्राला भिंत ओलांडता येते, शत्रूचे बेत आधी कळतात व रणक्षेत्र स्वतः निवडता येते, त्याला पुष्कळदा लढण्याचीच गरज उरत नाही.

प्रमुख वर्ग : (१) सायन : मनोबलावर आधारित शक्ती या खेळात १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीपासून आहेत. आरंभी त्या काही पात्रांना केवळ दैवयोगाने मिळत. २००४ च्या ‘एक्स्पान्डेड सायॉनिक्स हँडबुक’ या ग्रंथात त्यांना सुसंगत रूप आले. सायनजवळ मंत्रांऐवजी शक्तिबिंदूंचा साठा असतो. मूळ साठा पहिल्या स्तरावर २, पाचव्या स्तरावर २५ व विसाव्या स्तरावर ३४३ बिंदूंचा असतो. अधिक बिंदू खर्चून एकच शक्ती अधिक प्रभावी करता येते. मात्र एका वेळी आपल्या स्तराच्या अंकाहून अधिक बिंदू खर्च करता येत नाहीत. पाचव्या स्तरावर याचा अर्थ असा की, सायन पूर्ण जोराच्या पाच शक्ती वापरू शकतो. त्या दिवसभरात वाटून वापरावयाच्या की एकाच लढाईत उधळावयाच्या, हे त्याच्या हाती असते. दिवसात एकच लढाई होत असेल, तर या लवचिकपणामुळे सायन फार प्रबळ ठरतो. खर्चाच्या मर्यादेचा नियम अनवधानाने वगळल्यास त्याचे सामर्थ्य अवास्तव वाढते. या वर्गाविषयीच्या काही तक्रारींचे मूळ या चुकीत आढळते.

(२) वॉरलॉक : ‘कम्प्लीट आर्केन’ (२००४) या ग्रंथात प्रथम आलेल्या या वर्गाची शक्ती कधीच संपत नाही. त्याचा मायावी आघात पाचव्या स्तरावर सहा पृष्ठांच्या ३ फाशांइतकी, म्हणजे सरासरी १०·५ गुणांची हानी करतो. त्याच स्तरावरील विझर्डचा अग्निगोल ५ फाशांइतकी, म्हणजे सरासरी १७·५ गुणांची हानी करतो व ती त्याच्या टप्प्यात सापडलेल्या प्रत्येकाची होते. दोन अग्निगोलांत प्रत्येकी तीन शत्रू सापडले व कोणीही बचाव साधला नाही, तर एकूण हानी १०५ गुण होते. तेवढीच हानी करण्यास वॉरलॉकला सरासरीने दहा अचूक आघात करावे लागतात. लढाई चारपाच फेऱ्यांची धरल्यास त्यास दोनतीन लढाया लागतात. दिवसात चार लढाया होतात असे गृहीत धरल्यास हा वर्ग विझर्डच्या बराच जवळ येतो. एकच लढाई होत असल्यास तो मागे पडतो. विसाव्या स्तरावरही त्याचा मूळ आघात ९ फाशांचाच राहतो व त्याला अवगत असलेल्या अन्य मायाशक्ती एकूण १२ असतात. टिकाऊपणा भरपूर, व्याप्ती मात्र अरुंद, असे या वर्गाचे स्वरूप आहे.

(३) इन्कार्नमचे वर्ग : ‘मॅजिक ऑफ इन्कार्नम’ (२००५) या ग्रंथात इन्कार्नेट, सोलबॉर्न व टोटेमिस्ट असे तीन वर्ग आहेत. आत्मशक्तीपासून घडविलेली वस्त्रे, शिरस्त्राणे वा नखे ही पात्रे अंगावर धारण करतात. सत्त्वबिंदू एका साधनातून काढून दुसऱ्यात घालता येतात व ही फेरवाटणी प्रत्येक फेरीत करता येते. तिघांत टोटेमिस्ट हा अद्‌भुत पशूंच्या नैसर्गिक शस्त्रांमुळे लढाईत बलिष्ठ ठरला, तर सोलबॉर्न सर्वांत दुर्बल गणला गेला. एकाच पद्धतीवर उभारलेल्या वर्गांतही केवढे अंतर पडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(४) बाइंडर : २००६ च्या ‘टोम ऑफ मॅजिक’ या ग्रंथात तीन नव्या जादूपद्धती एकत्र आल्या. त्यांपैकी बाइंडर हा विश्वाबाहेर फेकल्या गेलेल्या आत्म्यांशी करार करतो. आत्म्याची मुद्रा आखून त्यास बोलाविले जाते व करार २४ तास टिकतो. आमोन, नाबेरियस, पैमोन इ. आत्म्यांची नावे सतराव्या शतकातील ‘लेसर की ऑफ सॉलोमन’ या यूरोपीय मंत्रग्रंथातील भूतनामांवरून घेतलेली आहेत. कराराच्या वेळी फासा अपयशी ठरला, तरी शक्ती मिळते. परंतु त्या दिवशी पात्राच्या वागण्यावर आत्म्याचा पगडा बसतो व तो त्यास पाळावा लागतो. शिवाय कराराचे चिन्ह देहावर उमटते, उदा., आमोनशी करार केल्यास मेंढ्याची शिंगे येतात. बहुतेक प्रमुख शक्ती एकदा वापरल्यावर पाच फेऱ्यांनी, म्हणजे खेळातील अर्ध्या मिनिटाने पुन्हा वापरता येतात. आठव्या स्तरापासून एका वेळी दोन, चौदाव्यापासून तीन व विसाव्या स्तरावर चार आत्मे बांधता येतात. रोज सकाळी आत्म्यांची निवड बदलता येत असल्याने व्याप्ती पुष्कळ, पण एका दिवसात ती बंदिस्त, असा या वर्गाचा तोल साधला आहे.

(५) शॅडोकास्टर : छायालोकातून शक्ती घेणारा हा वर्ग प्रत्येक स्तरावर एक नवे रहस्य शिकतो. नव्याने शिकलेले रहस्य दिवसातून एकदाच वापरता येते. वरच्या श्रेणीची रहस्ये हाती आली, की खालच्या श्रेणीची दोनदा व पुढे तीनदा वापरता येतात. या रचनेमुळे सातव्या स्तरापर्यंत पात्राजवळ अतिशय तुटपुंजी सामग्री असते. पाचव्या स्तरावर त्यास पाच रहस्ये प्रत्येकी एकदाच वापरता येतात व त्याखेरीज केवळ किरकोळ मूलशक्ती उरतात. कल्पना आकर्षक असूनही प्रारंभीच्या या दारिद्र्यामुळे हा वर्ग मागे राहिला.

(६) ट्रूनेमर : वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्याची तिच्यावर सत्ता चालते, ही समजूत अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. आधुनिक साहित्यात अर्सुला ल ग्वीन (१९२९–२०१८) यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीने ती विशेष लोकप्रिय केली. ट्रूनेमर हा याच समजुतीवर आधारलेला आहे. प्रत्येक उच्चारासाठी त्यास फासा टाकावा लागतो. शत्रूवर उच्चार करताना काठिण्यांक शत्रूच्या आव्हानांकाच्या दुपटीत १५ मिळवून येतो. दोष येथेच आहे. समबळ शत्रूचा आव्हानांक पात्राच्या स्तराबरोबर एकाने वाढतो. म्हणून काठिण्यांक दर स्तराला २ ने चढतो, पण पात्राचे कौशल्य दर स्तराला १ नेच वाढते. पहिल्या स्तरावर कौशल्याचे ४ व तीव्र बुद्धीचे ४ मिळून ८ अंक असतात. १७ या काठिण्यांकासाठी फाशावर ९ वा अधिक दान पुरते, म्हणजे यशाची शक्यता ६० टक्के असते. दहाव्या स्तरावर १३ व ५ मिळून १८ अंक होतात, पण काठिण्यांक ३५ असतो; १७ वा अधिक दान लागते व शक्यता २० टक्क्यांवर येते. विसाव्या स्तरावर २३ व ६ मिळून २९ अंकांसमोर ५५ हा काठिण्यांक उभा राहतो आणि वीस पृष्ठांच्या फाशाने तो गाठणे अशक्य होते. शिवाय एखादा उच्चार सफल झाला, की त्या दिवसापुरता त्याचा काठिण्यांक आणखी २ ने वाढतो. जादूच्या वस्तू व विशेष गुण यांची जुळवाजुळव करून ही तूट भरून काढता येते. परंतु त्यासाठी पात्राची बहुतेक सामग्री केवळ बोलता येण्यातच खर्ची पडते. अनुभव वाढत असता स्वतःच्याच मुख्य विद्येत दुबळा होत जाणारा वर्ग, असे त्याचे विपरीत वर्णन करावे लागते.

खेळाडूंनी केलेले वर्गीकरण : या आवृत्तीच्या खेळाडूंनी सर्व वर्गांची सहा पायऱ्यांत मांडणी केली. पात्र किती प्रकारच्या प्रसंगांत उपयोगी पडते व किती परिणामकारक ठरते, ही तिची कसोटी होती. तीनुसार विझर्ड पहिल्या, सायन दुसऱ्या, बाइंडर तिसऱ्या व वॉरलॉक चौथ्या पायरीवर आला. ट्रूनेमर नियमांच्या मूळ दोषामुळे पायऱ्यांबाहेरच ठेवला गेला. या मांडणीतील महत्त्वाचा निष्कर्ष असा की, खेळास सर्वांत सुखावह पायरी पहिली नसून तिसरी होय. त्या पायरीवरील पात्र एका कामात निपुण असते व इतरांतही उपयोगी पडते, पण सोबत्यांना निष्प्रभ करीत नाही.

अन्य खेळ : काही खेळांनी अपारंपरिक जादूलाच मूळ पद्धती मानले. ‘आर्स मॅजिका’ (१९८७) या खेळात पाच क्रिया व दहा विषय यांच्या संयोगातून मंत्र तत्काळ रचता येतात. ‘मेज : द असेन्शन’ (१९९३) यात जादूची नऊ क्षेत्रे असून उघड चमत्कार करणाऱ्यावर वास्तव उलटते. अशा खेळांत जादूगार हाच केंद्रस्थानी असल्याने त्याची अन्य वर्गांशी तुलना करण्याची निकड कमी भासते. ‘आर्स मॅजिका’ने तर ही विषमता उघडपणे मान्य करून खेळाडूंनी जादूगार व त्यांचे सोबती यांच्या भूमिका आळीपाळीने घ्याव्यात, अशी सोय केली.

उत्तरकालीन परिणाम : २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सर्व वर्गांच्या शक्ती सदैव, प्रत्येक लढाईत एकदा व दिवसातून एकदा अशा समान साच्यात बसविण्यात आल्या. विषमता घटली, पण वर्गांचे वेगळेपणही घटल्याची टीका झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मध्यममार्ग स्वीकारला गेला. वॉरलॉक मुख्य बारा वर्गांत राहिला आणि त्यास थोडे पण अल्प विश्रांतीनंतर परत मिळणारे मंत्र देण्यात आले. त्यामुळे गट दिवसात किती वेळा विश्रांती घेतो, यावर त्याचे सामर्थ्य अवलंबून राहते.

मूल्यमापन : वर्गाचे सामर्थ्य हा त्याचा एकट्याचा गुण नसून नियम, दिनक्रम व सोबती यांच्याशी असलेला संबंध होय, असे वरील उदाहरणांवरून दिसून येते. दिवसातील लढायांची संख्या बदलली, की सायन व वॉरलॉक यांचा अनुक्रम बदलतो. म्हणून खेळसंचालकाने वर्ग निवडण्यापूर्वी आपल्या खेळाची गती गटास सांगणे हितावह ठरते. शॅडोकास्टरची सामग्री वाढविणे वा ट्रूनेमरचा काठिण्यांक सौम्य करणे यांसारखे बदलही गटाच्या संमतीने करता येतात. अतिबलाढ्य पात्र इतरांना प्रेक्षक बनविते, तर अतिदुर्बल पात्राचा खेळाडू स्वतःच प्रेक्षक बनतो. दोन्ही प्रसंगी खेळाचा मूळ हेतू, म्हणजे सर्वांनी मिळून कथा घडविणे, विफल होतो. बाइंडरसारखा वर्ग विझर्डहून दुबळा असूनही यशस्वी मानला जातो, तो याच कारणाने.