कीटकभक्षी वनस्पतीची हिवाळी झोप

अमेरिकेतील नॉर्थ व साउथ कॅरोलिना या राज्यांच्या पाणथळ भागात व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटकभक्षी वनस्पती निसर्गतः वाढते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली अशा वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. थंड प्रदेशात कुंडीतले हे रोप हिवाळ्यात तीन-चार महिने झोपी जाते. पाने काळी पडतात आणि रोप मेले समजून लोक ते फेकून देतात.

फेकण्यापूर्वी कंद चाचपून पाहावा, असे आम्ही सुचवितो. तो पांढरा व टणक असल्यास रोप जिवंत आहे. तपकिरी व लिबलिबीत झाला असल्यास कुजला समजावे.

हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की काळी पाने कापावीत. पालवी फुटण्यापूर्वीच पीट व धुतलेली वाळू भरून कुंडी बदलावी. खत मुळीच घालू नये. मूळच्या जमिनीत नत्र अत्यल्प, म्हणून तर ही वनस्पती कीटक पकडते! क्षारयुक्त नळाच्या पाण्याऐवजी पावसाचे पाणी द्यावे. ऊन हळूहळू वाढवावे. कडाक्याच्या रात्री कुंडी झाकावी.

कंदातील अन्न ही रोपाची शिल्लक ठेव होय. एकदम उबदार, अंधाऱ्या खोलीत नेल्यास ती लांबट, दुबळ्या पानांतच खर्च होते. तेव्हा वाचकहो, घाई नको.