परवाना : नुसता कागद की शिक्षण?

वाहन चालविण्याचा परवाना हा विषय मी वार्षिकांकासाठी निवडला, तेव्हा मित्रांना हसू आले. कथा-कविता सोडून हा कसला रुक्ष विषय, असे त्यांचे म्हणणे. परंतु आमच्या नरसी नामदेव गावात आता बैलजोड्यांपेक्षा मोटारसायकली अधिक दिसतात. परतवारी एकादशीला नामदेवरायांच्या दर्शनासाठी दिंड्या येतात, तशाच दुचाक्या, ऑटो आणि जीपगाड्याही येतात. एरवी हळद आणि सोयाबीन घेऊन हिंगोलीच्या बाजारात जाणारी वाहने त्याच रस्त्यावर असतात. यांपैकी किती चालकांजवळ परवाना आहे, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

प्रथम कायदा पाहू. १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी १९८८ चा मोटार वाहन कायदा आला व १ जुलै १९८९ पासून तो अमलात आला. त्यानुसार वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मोटारसायकल चालविता येत नाही, ५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकीस १६ वर्षांची, तर मालवाहू व प्रवासी वाहनांस २० वर्षांची अट आहे. आधी शिकाऊ परवाना मिळतो. त्यासाठी रस्त्यावरील खुणा, नियम व चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न विचारतात आणि किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. हा परवाना सहा महिने चालतो. परंतु तो मिळाल्यावर तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. हे तीस दिवस सरावासाठी दिलेले आहेत. आपण मात्र ते वाट पाहण्याचे दिवस समजतो.

आता सरकारी अभ्यास काय सांगतो ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय सर्व राज्यांच्या पोलिसांकडून माहिती गोळा करून दरवर्षी अपघातांचा अहवाल काढते. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले व १,६८,४९१ माणसे दगावली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसे गेली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक जण मेले. म्हणजे अपघात हा मुंबई-पुण्याचा प्रश्न आहे आणि आपण खेड्यातले सुरक्षित आहोत, ही समजूत खोटी आहे.

परवाना असला म्हणजे चालक शिकलेला असतो का? या प्रश्नावर काही अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत प्रयोग केला व २००७ साली तो प्रसिद्ध केला. परवाना काढू इच्छिणाऱ्या सुमारे आठशे जणांवर त्यांनी लक्ष ठेवले. ज्यांना परवाना मिळाला त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांनी सरकारी परीक्षा दिलेलीच नव्हती! संशोधकांनी स्वतंत्र परीक्षा घेतली तेव्हा ६२ टक्के जण वाहन चालविण्यास अपात्र ठरले. दलालाला पैसे दिले की काम होते, हे आपणही ऐकून असतो. त्याचा परिणाम काय होतो ते या आकड्यांतून कळते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी यंत्राच्या साहाय्याने परीक्षा घेतात. पुण्याजवळ भोसरी येथे अशी मार्गिका आहे. यंत्राला ओळखपाळख नसते. २०२१ पासून आधारच्या साहाय्याने शिकाऊ चाचणी घरबसल्याही देता येते. सोय चांगली आहे. पण शेजारी बसून दुसराच उत्तरे सांगू लागला, तर आपण कोणाला फसवितो?

यावर कोणी म्हणेल, अडाणी माणसाने काय करावे? व्यावसायिक वाहनासाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. हरियाणातील मेवात भागातून मागणी आल्यावर केंद्र सरकारने २०१९ साली ती काढून टाकली. मला हा निर्णय पटतो. माझे काका पाचवीतून शाळा सोडून ट्रॅक्टर चालवू लागले. रस्त्यावरच्या खुणा चित्रांच्या असतात. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधानता, चौकोनी म्हणजे माहिती. एवढे ज्याला नीट शिकविले त्याचे अक्षरांवाचून अडत नाही. त्यामुळे अट काढली तेव्हाच शिकविण्याची जबाबदारी वाढली.

आमच्या घरात महाविद्यालयात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक सरकारी कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा अण्णांनी दुचाकी घेतली. माझा धाकटा भाऊ अकरावीत आहे. तोही किल्ली मागू लागला. अण्णा म्हणाले, "इमा काढलाय की, मंग आता कशाचं भ्येव?" तेव्हा मी त्यांना विम्याचा कागद समजावून दिला. मालकाने जाणूनबुजून विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली व अपघात झाला, तर विमा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करू देता येते; सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात हे तत्त्व मांडले. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. लाखांची भरपाई कोरडवाहू शेतकरी कोठून देणार? जमीन विकूनच ना? अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग किल्ली त्यांनी आपल्या बंडीच्या खिशात ठेवली.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण खेड्यांतून दुचाकीवर महाविद्यालयात येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातच एक दिवस खुणा व नियम शिकविण्यासाठी ठेवावा, शिकाऊ परवान्याचे अर्ज आपणच भरून द्यावेत आणि परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. दलालाच्या हाती दिलेल्या पैशात कागद मिळेल. पण समोरून ट्रक आल्यावर ब्रेक दाबणारा पाय आपलाच असतो, आणि त्याला तो कागद वाचता येत नाही.